रेघेतून देहाकडे

१९ नोव्हेंबर २०२१ला नेटफ्लिक्सवर ‘काउबॉय बीबॉप’ आली. दहा भाग, नावाजलेले नट, न्यूझीलंडमध्ये उभारलेले सेट, आणि मूळ अ‍ॅनिमेला संगीत देणाऱ्या योको कानो यांनाच पुन्हा सन्मानानं बोलावलेलं. ९ डिसेंबरला मालिका पुढे चालू राहणार नसल्याचं जाहीर झालं. मधे पुरते तीन आठवडेही गेले नव्हते.

त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२३ला, त्याच नेटफ्लिक्सवर ‘वन पीस’ आली. बनवणारी कंपनीही तीच, टुमॉरो स्टुडिओज. चाहते धास्तावले होते, कारण हातून जाण्यासारखं खूप होतं. १९९७पासून ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात चालू असलेली, शंभराहून अधिक खंडांची चित्रकथा आणि १९९९पासून चालू असलेलं अ‍ॅनिमे. त्यातला नायक रबरासारखा ताणला जाणारा, खलनायकाचं नाक करवतीसारखं, आणि दूरध्वनीच्या जागी जिवंत गोगलगायी! हे खऱ्या माणसांना घेऊन करायचं म्हणजे हसं होणार, असंच बहुतेकांना वाटत होतं. प्रत्यक्षात दोन आठवड्यांत दुसऱ्या हंगामाची घोषणा झाली, आणि ज्यांनी ‘बीबॉप’वर कडाडून टीका केली होती तेच लोक घरातल्यांना बसवून ही मालिका दाखवू लागले.

कंपनी एक, व्यासपीठ एक, दोन्हींच्या मागे उदंड पैसा. मग निकाल इतके वेगळे का? गेली काही वर्षं अशी रूपांतरं मी मिळतील तशी पाहत आलो आहे. जपानी, अमेरिकी, जमलेली, फसलेली. मला जे कळलं ते इथे मांडतो आहे. चित्रातली रेघ त्या कथेत एक ठरावीक काम करत असते. ते काम कोणतं हे ओळखून नटाच्या देहाकडून, कॅमेऱ्याकडून, आवाजाकडून ते दुसऱ्या रीतीनं करून घेतलं तर रूपांतर उभं राहतं. रेघ जशी दिसते तशी नुसती उतरवून काढली तर ते कोसळतं, मग त्यामागे कितीही मेहनत असो.

*

जपानमध्ये एखादी कथा आधी मांगा म्हणजे चित्रकथा म्हणून नियतकालिकातून क्रमशः येते. वाचकांनी उचलून धरली की तिचं अ‍ॅनिमे होतं, आणि त्यानंतर खऱ्या नटांची पाळी येते. हा क्रम आज रूढ असला तरी सुरुवातीला तसा नव्हता. ओसामु तेझुका यांच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’वर जिवंत नटांची दूरचित्रवाणी मालिका १९५९मध्येच आली होती. अ‍ॅनिमे आलं ते नंतर, १ जानेवारी १९६३ला. म्हणजे लाइव्ह-अ‍ॅक्शन हे अलीकडच्या ओटीटी कंपन्यांनी काढलेलं खूळ नाही. त्याचं वय जपानी दूरचित्रवाणीच्या वयाच्या जवळपास आहे.

तेझुकांच्या त्या अ‍ॅनिमेनं पुढच्या सगळ्यांसाठी एक पायंडा पाडला. दर आठवड्याला एक भाग द्यायचा आणि हातात पैसा थोडा. डिस्नेच्या चित्रपटांत सेकंदाला बारा किंवा चोवीस चित्रं असत. तेझुकांच्या स्टुडिओनं साधारण आठवर भागवलं. एकच चित्र स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, जुनी चित्रं पुन्हा वापरायची, चेहऱ्यावर थांबायचं. ही काटकसर होती, पण पुढच्या कलावंतांनी तिच्यातून एक भाषा घडवली. स्थिर चित्र किती वेळ धरून ठेवायचं, शांततेत किती वेळ रेंगाळायचं, आणि मग एका झटक्यात सगळं कसं हलवायचं, यावर अ‍ॅनिमेचा ताल उभा राहिला. अ‍ॅनिमेमध्ये थांबलेला क्षण लिहिलेला असतो. खरा माणूस असा थांबू शकत नाही. तो श्वास घेतो, पापणी लववतो. रूपांतर करणाऱ्याची पहिली अडचण रंगीत केसांची आणि मोठ्या डोळ्यांची नसून वेळेची आहे.

शिनइचिरो वातानाबे यांचं मूळ ‘काउबॉय बीबॉप’ १९९८चं. सव्वीस भाग, प्रत्येक भाग चोवीस मिनिटांच्या आसपास. २०७१ सालच्या सूर्यमालेत फरार गुन्हेगार पकडून पोट भरणारी चार माणसं आणि एक कुत्रा. पण या कथेचा जीव पाठलागांत नाही. तो आहे भुकेत, कंटाळ्यात आणि वाट पाहण्यात. पहिल्याच भागात जेट नावाचा दणकट गडी ढोबळी मिरची आणि बीफ असं जेवण रांधतो, आणि त्यात बीफ नसतं, कारण पैसेच नाहीत. माणसं यानात पडून असतात, पंखा फिरत असतो, कुणी काही बोलत नाही. त्या रिकाम्या वेळातून प्रत्येकाचा भूतकाळ आपोआप झिरपत राहतो. नायक स्पाइकची प्रेयसी जूलिया तर सव्वीस भागांत अगदी मोजकी दिसते, आणि म्हणूनच तिची सावली सगळ्या मालिकेवर पडते.

नव्या मालिकेनं ही रिकामी जागा भरून टाकली. भाग लांबले आणि सगळे सतत बोलू लागले. जूलियाला आणि व्हिशस या खलनायकाला स्वतंत्र उपकथानक मिळालं, त्यांचं घर आणि त्यांची भांडणं दिसू लागली. पाचव्या भागातला चर्चमधला प्रसंग हे मूळ अ‍ॅनिमेचं शिखर मानलं जातं. स्पाइक रंगीत काचांच्या खिडकीतून खाली पडतो, काळ थबकतो, कानोंचे कोवळे, प्रार्थनेसारखे सूर सुरू होतात आणि पडता पडता आठवणींचे तुकडे दिसत जातात. मालिकेनं हे शेवटच्या भागात घेतलं. चर्च आहे, काच आहे, पडणंही आहे. नसतो तो थबकलेला काळ, कारण दहा भागांत या माणसाच्या मनात बघण्याजोगं काही न उलगडलेलं शिल्लकच ठेवलेलं नाही.

कपडे मात्र हुबेहूब होते. निळा सूट, पिवळा शर्ट, विस्कटलेले केस. इथे एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. स्पाइक रेखाटताना युसाकु मात्सुदा या जपानी नटाची उंच, सडपातळ, ढिली चाल डोळ्यांपुढे होती. १९७९-८०मध्ये ‘तान्तेइ मोनोगातारी’ या मालिकेत मात्सुदांनी खाजगी गुप्तहेराचं काम केलं होतं. मारामारीची शैली ब्रूस ली यांच्याकडून आलेली. म्हणजे स्पाइक आधी खऱ्या माणसांच्या हालचालींत होता आणि तिथून रेघेत उतरला. मालिकेत स्पाइक झालेला जॉन चो हा गुणी नट आहे, चित्रीकरणात गुडघ्याला गंभीर दुखापत होऊनही तो परत उभा राहिला. त्याला मात्सुदांच्या चालीकडे परत जायला कुणी सांगितलं असतं, तर कदाचित रेघेच्या मागचा माणूस सापडला असता. त्याच्याकडून मागितलं गेलं ते चित्रासारखं दिसणं.

वातानाबे यांनी २०२३मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की मालिका त्यांच्याकडे तपासायला पाठवली गेली होती, आणि सुरुवातीच्या कॅसिनोतल्या दृश्यापुढे ती पाहणं त्यांना जड गेलं. ते तिथेच थांबले. सल्लागार म्हणून नाव असलेला निर्माता पहिल्या दृश्यातच परका होतो, हे वाचून मला वाईट वाटलं होतं आणि अजून वाटतं.

*

खरी जागा, खरा माणूस, खरी वस्तू आणली की चित्र अधिक खरं होईल, असा समज या धंद्यात खोलवर बसलेला आहे. तो चुकीचा ठरवणाऱ्या दोन गोष्टी सांगतो.

मामोरू ओशी यांच्या १९९५च्या ‘घोस्ट इन द शेल’मधलं शहर हाँगकाँग पाहून रेखाटलेलं आहे. चित्रपटाच्या मध्यावर काही मिनिटं कथा पूर्ण थांबते. केंजी कावाइ यांचं गंभीर समूहगान, पाऊस, कालवा, पाट्यांची गर्दी, आणि बोटीतून जाताना नायिकेला एका इमारतीत स्वतःसारखीच दिसणारी बाई दिसते. संवाद एकही नाही. आपलं शरीर कारखान्यात बनलं असेल तर ‘मी’ म्हणजे कोण, हा प्रश्न तिथे शब्दांवाचून विचारला जातो. २०१७मध्ये हॉलिवूडनं चित्रपट केला तेव्हा चित्रीकरणाचा काही भाग खुद्द हाँगकाँगच्या रस्त्यांवर झाला. गच्चीवरून उडी, पाण्यातली अदृश्य झुंज, ही दृश्यं चौकटीला चौकट जुळवून पुन्हा उभारली. ते मधलं थांबणं मात्र गेलं, आणि प्रश्नाचं उत्तर कथानकातच देऊन टाकलं. गोऱ्या नटीच्या यांत्रिक देहात एका जपानी मुलीचा मेंदू आहे, असं निघालं. स्कार्लेट जोहान्सनला नायिका मोतोको कुसानागी करण्यावरून जो वाद झाला त्यात ओशी यांनी तिची बाजू घेतली होती. ते मूळ दिग्दर्शक, त्यांचं मत मोलाचं आहे. पण आशियाई वंशाच्या नटनट्यांना हॉलिवूडमध्ये मुख्य भूमिका आधीच किती थोड्या मिळतात हे पाहिलं, तर अमेरिकेतल्या आशियाई प्रेक्षकांचा संताप मला रास्त वाटतो, आणि कथेतल्या त्या उलगड्यानं जखमेवर मीठच चोळलं.

दुसरी गोष्ट जुनी आहे. रियोको इकेदा यांची ‘बेरुसाइयु नो बारा’, म्हणजे व्हर्सायचे गुलाब, ही मांगा १९७२-७३ची. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर मुलगा म्हणून वाढवलेली ऑस्कर राणी मारी आंत्वानेतच्या संरक्षक दलाची प्रमुख होते. १९७९मध्ये ‘लेडी ऑस्कर’ हा चित्रपट झाला. जपानी निर्माता, फ्रेंच दिग्दर्शक जाक देमी, भाषा इंग्रजी, आणि चित्रीकरण प्रत्यक्ष व्हर्सायच्या राजवाड्यात. एवढं करूनही चित्रपट निर्जीव वाटला. त्याच्या पाच वर्षं आधी, १९७४मध्ये, हीच कथा ताकाराझुका या फक्त स्त्रियांच्या नाट्यसंस्थेनं रंगवलेल्या पडद्यांपुढे, भडक मेकअपमध्ये, गाण्यांसह केली होती. ती इतकी गाजली की संस्थेला नवं आयुष्य मिळालं, आणि तिचे प्रयोग आजवर पुन्हा पुन्हा होत आले आहेत. पुरुषांच्या भूमिका स्त्रियाच करणार हा तिथला संकेत आणि नायिका पुरुषवेषातली. बालगंधर्वांचा वारसा सांगणाऱ्या मराठी प्रेक्षकाला संकेताची ही ताकद वेगळी समजावून सांगायला नको.

त्या नाटकाचे दिग्दर्शक काझुओ हासेगावा काबुकीत घडलेले, पुढे चित्रपटांत मोठे झालेले नट. इकेदांच्या चित्रांत मोठ्या डोळ्यांत तारे चमकतात. ते रंगभूमीवर कसे आणायचे? हासेगावांनी नट्यांना नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या ठरावीक जागेकडे पाहायला शिकवलं, म्हणजे दिव्यांचा उजेड बरोबर बुबुळांत पकडला जाई, असं सांगतात. माझ्या सगळ्या म्हणण्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. चित्रातला तारा हा भावनेचा उजेड होता, आणि त्यांनी खरा उजेड शोधला. २०१९च्या ‘अलिता’मध्ये संगणकानं नायिकेचे डोळेच मोठे केले. तंत्र थक्क करणारं आहे, रोझा सालाझारचा अभिनय त्यातूनही पोचतो, पण डोळ्यांचा आकार आपण पाच मिनिटांत विसरतो. हासेगावांची युक्ती पन्नास वर्षांनंतरही सांगितली जाते.

*

जपानी हात लागले म्हणून काम सोपं होतं असंही नाही. २०१५मध्ये ‘अटॅक ऑन टायटन’चे दोन चित्रपट एकाच वर्षात आले आणि चाहत्यांचं लाडकं पात्र लीव्हाय त्यांत घेतलंच नव्हतं. २०१७च्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्ये युरोपी वळणाच्या कथेत जपानी नटांना सोनेरी केसांत उभं केलं. केस दिसत राहिले, माणूस दिसेना.

त्याच जपानमध्ये ‘रुरोनी केनशिन’ झाला, आणि या प्रकारातलं माझ्या मते सर्वोत्तम काम तेच आहे. नोबुहिरो वात्सुकी यांची मांगा १९९४ ते १९९९ची, कथा १८७८ची. सत्तांतराच्या धुमश्चक्रीत शेकडो माणसं मारलेला एक तलवारबाज मेजी काळात भटक्या म्हणून फिरतो आहे. आता कुणालाही मारायचं नाही अशी त्यानं शपथ घेतली आहे, आणि त्याच्या तलवारीची धार उलट्या बाजूला आहे. केइशी ओतोमो यांनी २०१२ ते २०२१ या काळात त्यावर पाच चित्रपट केले. ओतोमो आधी एनएचकेमध्ये होते. तिथे त्यांनी २०१०मध्ये सामुराई क्रांतिकारक साकामोतो र्‍योमा यांच्यावरची ऐतिहासिक मालिका दिग्दर्शित केली होती, आणि त्यातच ताकेरू सातो या तरुण नटानं एका मारेकऱ्याचं काम केलं होतं. तोच पुढे केनशिन झाला. संगीतकार नाओकी सातोही त्या मालिकेचेच.

ओतोमोंनी मांगाकडे इतिहासकाराच्या नजरेनं पाहिलं. चिखल, धूळ, घामानं काळवंडलेल्या कॉलरी, फाटक्या बाह्या. केनशिनचे तांबूस केस आणि गालावरची फुली तशीच ठेवली, पण ती अशा जगात ठेवली जिथे प्रत्येक माणसाच्या अंगावर काही ना काही खूण आहे. त्यामुळे ती वेगळी काढलेली वाटत नाही.

खरी कामगिरी मारामारीची. मांगात वेग दाखवायला रेघा असतात. पान उलटलं की वार झालेला असतो, मधलं काही चित्रात नसतंच. वाचकाच्या डोळ्याला चकवणं हे त्या रेघांचं काम. केंजी तानिगाकी हे हाँगकाँगमध्ये डॉनी येन यांच्या चमूत तयार झालेले मारामारी दिग्दर्शक. त्यांनी संगणकी झळाळीऐवजी सातोला पळवलं. तो जवळजवळ जमिनीला समांतर होईतो झुकून धावतो, गुडघ्यांवर घसरतो, भिंतीवर पाय देऊन वळतो. कॅमेरा दूर राहतो आणि पूर्ण देह दाखवतो. बहुतेक सगळं सातोनं स्वतः केलं आहे. पाहताना आपला डोळा त्याच्या एक पाऊल मागे राहतो, मांगा वाचताना राहायचा तसाच. शिवाय तलवारीची धार उलटी असल्यानं प्रत्येक घाव हाडावर आदळल्यासारखा वाजतो. कुणी मरत नाही, पण दुखतं सगळ्यांना. न मारण्याच्या शपथेची किंमत अशी कानाला कळते.

२०२१चा शेवटचा चित्रपट, ‘द बिगिनिंग’, केनशिनच्या मारेकरीपणाच्या दिवसांत मागे जातो. तिथे धार सरळ आहे आणि रक्त वाहतं. चार चित्रपट पाहून आलेल्या प्रेक्षकाला ते सहन होत नाही. हा परिणाम फक्त रूपांतराचा आहे, मांगाचा नाही, आणि तो मिळवायला ओतोमोंनी नऊ वर्षं वाट पाहिली.

*

आता अधिकाराबद्दल. २००९चा ‘ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन’ कुणी आठवावा असा चित्रपट नाही, पण त्याच्यामुळे घडलेल्या गोष्टी आठवाव्यात. आपल्याकडे ‘ड्रॅगन बॉल झी’ कार्टून नेटवर्कवर हिंदीतून लागायचं. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत शाळेतून धावत घरी येऊन ते पाहणारी एक पिढी आता तिशीत आहे. त्या पिढीचा नायक गोकू म्हणजे डोंगरात वाढलेला, कपट न कळणारा, खादाड, आणि लढाईत आनंद मानणारा भाबडा मुलगा. हॉलिवूडनं त्याला अमेरिकी शाळेतला बुजरा विद्यार्थी केलं, ज्याला वर्गातली मुलगी आवडते आणि दांडगी पोरं छळतात. मूळ चित्रकथाकार आकिरा तोरियामा यांनी पटकथा वाचून सूचना केल्या होत्या, पण त्या ऐकल्या गेल्या नाहीत, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. पटकथालेखक बेन रॅम्सी यांनी २०१६मध्ये चाहत्यांची माफी मागितली आणि आपण मोठ्या मोबदल्याच्या मागे लागून हे काम केलं, त्या कथेवर आपलं प्रेम नव्हतं, असं कबूल केलं. अशी माफी मागायला धैर्य लागतं, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. तोरियामा मात्र या अनुभवानं पेटून उठले. २०१३च्या ‘बॅटल ऑफ गॉड्स’ या अ‍ॅनिमेपटाच्या कथेत ते स्वतः उतरले, आणि ‘ड्रॅगन बॉल’ला नवा जन्म मिळाला. ते मार्च २०२४मध्ये गेले.

‘वन पीस’चे निर्माते एइचिरो ओदा या पार्श्वभूमीवर करार करत होते. रूपांतर त्यांचं समाधान झाल्याशिवाय प्रदर्शित होणार नाही, हे नेटफ्लिक्सनं मान्य केलं होतं. ओदांनी चाहत्यांना लिहिलेल्या पत्रांतून हे सगळ्यांसमोर मांडलं. त्यांनी संहिता वाचल्या, टिपणं पाठवली, राखणदारासारखे दारात उभे राहिले. चित्रीकरण संपल्यावरही त्यांना न पटलेली अनेक दृश्यं पुन्हा चित्रित झाली. वातानाबेंच्या नावाशेजारी ‘सल्लागार’ हा शब्द होता आणि ओदांच्या हातात नकार होता. दोन मालिकांमधला सगळ्यात मोठा फरक मला हा वाटतो.

नकाराचा अधिकार म्हणजे काहीही बदलू न देण्याचा हट्ट, असा अर्थ ओदांनी घेतला नाही. मूळ चित्रकथेचे जवळजवळ शंभर अध्याय आठ भागांत बसवले आहेत. डॉन क्रीगची लांबलचक लढाई जवळपास पूर्ण वगळली. नौदलाचे गार्प हे नायक लुफीचे आजोबा आहेत, हे गुपित मूळ कथेत खूप उशिरा कळतं, मालिकेत पहिल्याच हंगामात. हे बदल ओदांच्या संमतीनं झाले. मॅट ओवेन्स आणि स्टीव्हन मेडा या लेखक-निर्मात्यांपैकी ओवेन्स मूळचे चाहते, आणि काय कापलं तरी चालेल हे चाहत्यालाच नेमकं कळतं.

वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना ओदांनी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं की ही पात्रं खऱ्या जगात असती तर लुफी ब्राझीलचा, झोरो जपानचा, नामी स्वीडनची, उसोप आफ्रिकेतला आणि सांजी फ्रान्सचा असता. मालिकेत लुफी झाला मेक्सिकोचा इन्याकी गोदोय. झोरो झाला माकेन्यू, जपानी मारधाडपटांचे दिग्गज नट सॉनी चिबा यांचा मुलगा. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला, खरीखुरी मोठी जहाजं बांधून. जगभरच्या समुद्रांवरची कथा जगभरची माणसं करत आहेत, यात काही उपरं वाटत नाही. केसांचे रंग भडक आहेत, कपडे भडक आहेत, आणि कुणीही त्याबद्दल संकोचत नाही. लुफी ठोसा मारण्याआधी त्या ठोशाचं नाव मोठ्यानं ओरडतो, आणि गोदोय ते पूर्ण विश्वासानं करतो.

लुफीचा ताणला जाणारा हात संगणकानं केलेला आहे आणि तो काही ठिकाणी खोटा दिसतो. तरी बिघडत नाही, कारण लुफीच्या रेघेचं मुख्य काम ताणलं जाणं हे नव्हतंच. ओदांच्या चित्रांत त्याचं तोंड हसताना अर्धा चेहरा व्यापतं. समोरच्याला त्याच्यावर विश्वास ठेवायला भाग पाडणं, हे त्या रेघेचं काम. आठव्या भागाआधी नामीची कहाणी येते. बालपणापासून अर्लाँग या क्रूर मत्स्यमानवाच्या गुलामीत राहिलेली, गाव सोडवण्यासाठी चोऱ्या करून पैसा साठवणारी, आणि शेवटी फसवली गेलेली मुलगी स्वतःच्या खांद्यावरचं गोंदण सुरीनं भोसकू लागते. लुफी तिला काही विचारत नाही. ती मदत मागते, तेव्हा ज्या गवती टोपीला तो कुणालाही हात लावू देत नाही, ती तो तिच्या डोक्यावर ठेवतो. नामी झालेल्या एमिली रडच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं ते रेघेनं दाखवता येत नाही. मांगात तो प्रसंग वाचून रडलेले लोक पुन्हा रडले, आणि ज्यांनी मांगा कधी हातात घेतली नाही तेही.

*

आवाजाबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. ‘वन पीस’ जपानी भाषेत लावली की गोदोयच्या ओठांवर मायुमी तानाका यांचा आवाज येतो. १९९९पासून अ‍ॅनिमेतल्या लुफीचा आवाज त्यांचाच आहे. इतर चौघांनाही त्यांचे जुनेच आवाज मिळाले. जपानी प्रेक्षकाला नवा चेहरा आणि पाव शतकाचा ओळखीचा आवाज एकत्र भेटतो, आणि चेहरा लगेच आपला होतो. ‘बीबॉप’मध्येही कोइची यामादेरा स्पाइकचा आवाज द्यायला परत आले होते, म्हणजे आवाज एकटा पुरत नाही. पण पूल म्हणून तो फार भक्कम असतो.

आपल्याकडेही असा पूल बांधला गेला आहे. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारा ‘जंगल बुक’ हे निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं जपानी अ‍ॅनिमे होतं, हे ते पाहणाऱ्या घरांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. त्याच्या हिंदी रूपात शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. २०१६मध्ये डिस्नेचा नवा ‘द जंगल बुक’ आला, त्यातला वाघ संगणकानं केसाकेसानिशी खरा केलेला होता. हिंदीसाठी पुन्हा नाना पाटेकरांनाच बोलावलं गेलं. हा चित्रपट त्या अ‍ॅनिमेचं रूपांतर नव्हे. तरी थिएटरात तो घोगरा, दबा धरलेला आवाज घुमला तेव्हा दोन वाघ एक झाले. चित्रातला वाघ ज्यांनी लहानपणी पाहिला होता, त्यांची भीती मुरूडच्या या नटानं वीस वर्षं सांभाळून ठेवली होती.

मराठीत छापील रेघेला देह देण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे श्रीरंग गोडबोले यांचा २०१२चा ‘चिंटू’. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१पासून वर्तमानपत्रात येत होता. त्याला आवाजच नव्हता, म्हणजे दर घरात वेगळा होता. दोन दशकं रोज सकाळी भेटणाऱ्या मुलाला एकच चेहरा आणि एकच आवाज द्यायचा, हे धाडस होतं. चित्रपटात वाडा, मैदान आणि पोरांची टोळी जमली आहे. तीन-चार चौकटींत संपणारा तो नेमका विराम दोन तासांच्या कथेत विरून गेला, असं मला वाटतं. तरी त्या चित्रपटाबद्दल मला आस्था आहे, आणि मराठीत असं पुन्हा कुणी करावं असंही वाटतं.

*

एक मोठा बदल मात्र गेल्या काही वर्षांत झाला आहे आणि त्यानं या सगळ्या व्यवहाराचा पायाच हलला आहे. खऱ्या नटांचा चित्रपट म्हणजे चित्रकथेला मिळालेली बढती, असं निर्माते मानत आले. कार्टून मुलांचं, सिनेमा मोठ्यांचा. पण २०२०चा ‘डीमन स्लेयर’चा ‘मुगेन ट्रेन’ जपानच्या इतिहासातला सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला. त्याचा पुढचा, ‘इन्फिनिटी कॅसल’, १२ सप्टेंबर २०२५ला भारतात लागला, तेव्हा मुंबईत पहाटे पाचचे खेळ ठेवावे लागले. दहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर वितरकांनी मनावर घेतलं नसतं. २०१९मध्ये माकोतो शिनकाइ यांचा ‘वेदरिंग विथ यू’ आपल्या चित्रपटगृहांत यावा म्हणून चाहत्यांना सह्यांची मोहीम चालवावी लागली होती.

अ‍ॅनिमे स्वतःच्या पायांवर थिएटर भरू शकतं म्हटल्यावर मोठा प्रेक्षक मिळवण्यासाठी नट हवेत, ही सबब उरत नाही. उरतो तो एकच प्रश्न. देहाला असं काही देता येतं का, जे रेघेला देता येत नाही? केनशिनच्या घावाचा आवाज, नामीचा चेहरा ही त्याची उत्तरं आहेत. ज्या प्रकल्पाकडे असं उत्तर नसेल त्यानं सुरुवातच करू नये.

‘आकिरा’चं उदाहरण ताजं आहे. कात्सुहिरो ओतोमो यांच्या या मांगाचे चित्रपट हक्क वॉर्नर ब्रदर्सकडे वीस वर्षांहून अधिक काळ होते. दिग्दर्शक आले आणि गेले. तायका वाइतिती यांच्या चित्रपटाला मे २०२१मधली प्रदर्शनाची तारीखसुद्धा मिळाली होती, तोही थांबला. २०२५मध्ये हक्क मूळ प्रकाशक कोदान्शाकडे परत गेल्याच्या बातम्या आल्या. १९८८चा अ‍ॅनिमेपट ओतोमोंनी स्वतः दिग्दर्शित केला होता. त्यात कानेदा आपली लाल मोटारसायकल आडवी घसरवत थांबवतो. ती घसरण तेव्हापासून कितीतरी चित्रपटांनी आणि मालिकांनी उचलली आहे, खऱ्या मोटारसायकलीवर सुद्धा. त्यामुळे नव्यानं हक्क मागायला येणाऱ्यांना ती घसरण पुरणार नाही. ज्या शहरात मोठी माणसं मुलांवर शस्त्रांचे प्रयोग करतात, तिथली ती अनाथ पोरं त्यांना उभी करावी लागतील. ओतोमो आता सत्तरी ओलांडलेले आहेत आणि काम करत आहेत. कोदान्शानं कुणाशीही सही करण्याआधी ओदांना मिळालेली अट त्यांच्यासाठी मागून घ्यावी.